पायरीवर ठेवलेला शब्द

रोज पहाटे फुलवाली दॉ प्वा टोपली घेऊन पॅगोड्याच्या पायथ्याशी यायची आणि वर तोंड करून विचारायची, "वर कोण आहे गं?"

"झाडू आहे," वरून न्यो सांगायची.

चाळीस वर्षं हेच. न्यो कधी 'मी' म्हणाली नाही. 'न्यो येते', 'न्योला नको', नाहीतर नुसता झाडू.

इरावतीच्या काठी आम्ही सगळे 'मी' म्हणताना खरं तर 'दास' म्हणतो. बाईने म्हणायचं 'च्यमा', पुरुषाने 'च्यनो'. गावचा मुखियाही म्हणतो, रुसलेली नवरीही म्हणते. बोलून बोलून त्यातला दास कधीच झिजून गेला. न्योच्या घराण्यापुरता तेवढा तो झिजला नव्हता. कुठल्याशा राजाने तिच्या पूर्वजांना या पॅगोड्याला वाहिलं होतं, फुलं वाहतात तसं. वाहिलेलं परत घ्यायचं नसतं. त्यामुळे पणजी झाडत होती, आजी झाडत होती. त्यांच्याशी लग्न करणाराही पॅगोड्याचा दास होई, आणि त्याची मुलंबाळं पिढ्यान् पिढ्या.

आठ वर्षांची असताना न्यो बाजारात म्हणाली होती, "च्यमाला उसाचं एक कांडं द्या."

बायका हसून लोटपोट झाल्या. "अगं, सांगतेस कशाला? दिसतंय की!"

तेव्हापासून तो शब्द बंद.

थादुन कुंभार. पावसाळा सरला की दिव्यांच्या सणासाठी बैलगाडीभर पणत्या घेऊन यायचा. प्रत्येक पणतीच्या बुडाला अंगठा दाबायची त्याला खोड. अंगठ्यावर आडवा व्रण होता, तो मातीत उमटायचा. पणत्या उतरवायला दोन तास पुरेत, त्याला तीन दिवस लागायचे.

"बैल दमलेत," तो म्हणायचा.

"बैल सकाळपासून रवंथ करतायत, थादुन. तुम्हीच दमलेले दिसता."

तिसऱ्या वर्षी, पायऱ्या झाडता झाडता ती त्याच्यापाशी पोचली, तेव्हा तो उठलाच नाही.

"न्यो, च्यनो दिवसातून शंभरदा स्वतःला दास म्हणतो. एकदा खरंच होऊन जाऊ दे. दोन झाडू असतील. अर्धा अर्धा चौथरा."

तिला पश्चिमेकडचा अर्धा चौथरा दिसला, त्यावर ऊन आणि पाठमोरा थादुन. हो म्हणायला तोंड उघडलं होतं तिने.

"आणि मुलगी झाली तर?" ती म्हणाली. "तिला बाजारात बायका हसल्या, तर तुम्ही तिला काय सांगाल?"

थादुन नखाने पायरीवरचं शेवाळ खरवडत राहिला.

"तुम्हाला 'मी' म्हणता येतं," न्यो म्हणाली. "ते सांभाळा. जा आता, पायरी झाडायचीय."

तो पुन्हा आला नाही. पणत्या येत राहिल्या, दुसऱ्याच कुणाच्या गाडीतून. सण झाला की काजळलेल्या पणत्या गोळा करताना न्यो एकेक उलटी करून बघायची. व्रण असायचा. मग ती त्यावर आपला अंगठा ठेवायची. बसायचा नाही, त्याचा मोठा होता.

पुढे राजा गेला, गोरे आले, कागदावर कुणी दास उरलं नाही. तोवर थादुनला दोन मुलं झाली होती. न्योच्या हातचं पाणी मात्र गावात अजून कुणी पीत नव्हतं.

मग एका वर्षी पणत्यांची बुडं कोरी आली. न्योने दहा उलटल्या, वीस उलटल्या. गाडीपाशी तिशीची एक बाई उभी होती.

"काय झालं, आजी? फुटल्या का?"

"अंगठा नाही यांना."

"बाबांचा असायचा. चैत्रात गेले." बाई तिच्याकडे बघत राहिली. "तुम्ही न्यो का? मी माखिन, त्यांची मुलगी. आमचे बाबा मोठे विचित्र. कधी च्यनो म्हणायचे नाहीत. 'थादुन जेवला', 'थादुनला बरं नाही'. मुखियासमोरसुद्धा! लोक म्हणायचे, कुंभाराला काय माज आलाय. आई चिडायची, तर म्हणायचे, तो शब्द थादुन पॅगोड्याच्या पायरीवर ठेवून आलाय. न्यो वापरत असेल."

न्यो हातातली पणती खांद्यावरच्या फडक्याने पुसत बसली. पणती नवीच होती.

"पाणी देता का, आजी? घसा सुकलाय."

न्योने स्वतःच्या मडक्यातलं पाणी दिलं. माखिन घटाघटा प्यायली, तोंड पुसलं, आणि आणखी मागितलं.

त्यानंतर थंडीचे दोनच महिने न्यो जगली. तिच्या शेवटच्या पहाटे दाट धुकं होतं. चौथरा नुकताच धुतलेला. दॉ प्वाने खालून रोजच्यासारखं विचारलं, "वर कोण आहे गं?"

धुक्यातून आवाज आला.

"च्यमा आहे. पाय जपून टाक, फरशी ओली आहे."