गुरुभाऊंची नजर

गुरुप्रसाद चिंदरकर पोलिसात शिपाई म्हणून लागले. ते सहायक फौजदार होईपर्यंत त्यांच्या नजरेची कीर्ती हुद्द्याच्या कितीतरी पुढे गेली होती. होडीचं इंजिन चोरीला जावो की आंब्याच्या बागेत डोकी फुटोत, संशयित समोर बसला की ठाण्यातले सगळे गुरुभाऊंकडे बघत. गुरुभाऊ फार विचारत नसत. चहा मागवत, बशीत ओतत आणि फुंकर मारता मारता समोरच्याकडे बघत राहत. बशी रिकामी झाली की हळूच म्हणत, "ह्यो खोटां बोलता." पुष्कळदा तो माणूस कबूलही होई. जे कबूल झाले नाहीत त्यांचं पुढे काय झालं, हे मात्र कोणी लक्षात ठेवलं नाही. गुरुभाऊंनीही नाही.

माणूस मनाने वाईट नव्हता. आरोपीलाही आधी पाणी विचारणारा, कोणावर हात न टाकणारा. मारायची गरजच काय, तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, असं ते नव्या पोरांना सांगत. खोटं बोलणारा डोळ्याला डोळा देत नाही, हाताने काहीतरी चाळवत राहतो आणि पाठ केल्यासारखं तेच तेच बोलतो. खऱ्या माणसाला रडू फुटतं. एवढ्या ज्ञानावर त्यांची नोकरी सुखाने चालली होती.

मग तोंडवलीच्या बाजूला सुशीलाआक्काचा खून झाला.

आक्का म्हातारी, विधवा, समुद्राला लागून असलेल्या घरात एकटीच राहणारी. फेलिक्स आल्मेडा रोज पहाटे सायकलवरून पाव विकायचा. गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्याची थेट ये-जा होती, आणि आक्काकडे तर तो पाव ठेवून, तिच्या हातचा चहा पिऊनच पुढे जायचा. मे महिन्यातल्या एका सकाळी त्यालाच ती चुलीपाशी पडलेली दिसली. गळ्यावर बोटांचे वळ होते. त्यानेच आरडाओरड करून शेजाऱ्यांना गोळा केलं आणि ठाण्यातही तोच आला.

गुरुभाऊंनी त्याला समोर बसवला, चहा मागवला. फेलिक्स जमिनीकडे बघत म्हणाला, "मी सकाळी पाव घेऊन आलो. दार उघडे होते. मी आत गेलो. सुशीलाबाई जमिनीवर पडल्या होत्या."

पुन्हा सांग म्हटलं, तर त्याने तीच चार वाक्यं त्याच क्रमाने सांगितली. तिसऱ्यांदाही तीच. बोलताना तो सदऱ्याचं खालचं बटण घालत होता, काढत होता. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. आणि जिला सारा गाव आक्का म्हणतो, जिच्या चुलीपाशी बसून हा रोज चहा पितो, ती याच्या तोंडी एकदम 'सुशीलाबाई' झाली होती. गुरुभाऊंच्या मनात ते खड्यासारखं टोचलं.

दुपारी तळेऱ्याहून आक्काचा भाचा निलेश ठाण्यात आला. दारातच तो बसकण मारून रडायला लागला. "माझी मावशी गेली हो साहेबानू, माका आता कोण रवला?" रात्रभर तळेऱ्याला घरीच झोपलो होतो, सकाळी फोन आला तसा निघालो, असं त्याने हुंदक्यांच्या मधूनमधून सांगितलं. गुरुभाऊंनी स्वतः उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी त्यांनी आपलं मत दिलं, आणि गुरुभाऊंचं मत म्हटल्यावर कोणी शंका काढली नाही. फेलिक्स आत गेला. आक्का उधारीवरून त्याला बोलली असेल, रागात हात गेला असेल, असं कारणही मग कोणीतरी शोधून दिलं.

पावसाळ्यात ठाण्याला प्राजक्ता राणे नावाची नवी फौजदार आली. तिने कोणाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. निलेशचा फोन त्या रात्री कुठे होता ते तिने मागवून घेतलं आणि तळेऱ्याच्या तिठ्यावरच्या हॉटेलाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काढून आणलं. फोन रात्रभर आक्काच्या गावात होता. पहाटे निलेशची मोटरसायकल समुद्राकडून परत येताना तिठ्यावर स्वच्छ दिसत होती. निलेशला आक्काच्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या आणि आक्का सही देत नव्हती, हे त्यानंतर बाहेर आलं. निलेशला अटक झाली. गणपती होऊन गेल्यावर फेलिक्स घरी आला.

गुरुभाऊंना चौकशीसाठी जिल्ह्याला बोलावलं. टेबलापलीकडून वरिष्ठांनी शांतपणे विचारलं, संशय कशावरून घेतला, आणि फेलिक्सला मारहाण झाली होती का. गुरुभाऊ उभे राहून म्हणाले, "नाही सर. सदर इसमास कोणतीही मारहाण केलेली नाही." साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. गुरुभाऊंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. घरी मालवणीत चार शब्द बोलून भांडण मिटवणारा हा माणूस, पण इथे त्याला दुसरा शब्द सुचेना. बोलता बोलता त्यांचं लक्ष गेलं: आपण टेबलाच्या कडेकडे बघतोय. हातातल्या टोपीची कड आपण मघापासून चाळवतोय. त्यांनी मान वर केली, तेव्हा साहेब त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. फक्त समोर चहाची बशी नव्हती.

आणि ते तर खरंच बोलत होते.

त्या दिवशी ते घरी येऊन न जेवता बसले. बायको, जानकी, काय झालं ते काढून घेईपर्यंत गप्प राहिली नाही. सगळं ऐकून म्हणाली, "माझां तरी तुमका कधी कळला? मशेरी सोडली म्हणान सांगितलंय त्येका किती वर्षां झाली. रोज मागीलदारी लावतंय. डोळ्याक डोळो देवनच सांगितला होता." एरवी ते हसले असते. त्यांनी वाढलेलं पान बाजूला सारलं.

त्यानंतर सकाळी पाववाल्याचा भोंगा ऐकला की गुरुभाऊ दारात येईनासे झाले. फेलिक्स पुन्हा पाव विकत होता, पण आता कोणाचा उंबरा ओलांडत नव्हता. फाटकाला पिशवी अडकवायची, भोंगा वाजवायचा आणि पुढे जायचं. आत ये म्हटलं तरी जायचा नाही. हे ज्याने त्याने गुरुभाऊंना सांगितलं, मुद्दाम नसेल, पण सांगितलं. शेवटी एका रविवारी, चर्चची माणसं घरी परतल्यावर, ते गणवेश न घालता आल्मेडांच्या घरी गेले. माफी मागायची होती. फेलिक्स ती देईल की नाही, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. त्याशिवाय पुन्हा ठाण्यातल्या त्या खुर्चीवर बसायचं धैर्य त्यांच्यात उरलं नव्हतं.

एलिना, फेलिक्सची बायको, दारातच होती. "आज कोणाक न्हेवूक इलात?" तिने विचारलं आणि वाट सोडली.

फेलिक्स उठून उभा राहिला. गुरुभाऊ बस म्हणाले तरी बसला नाही. गुरुभाऊ वाटेत जुळवलेलं सगळं विसरले. चूक माझी होती, एवढंच त्यांना कसंबसं म्हणता आलं. फेलिक्स जमिनीकडे बघत होता. त्याची बोटं सदऱ्याच्या बटणाकडे गेली.

"साहेब," तो म्हणाला, "मी काय बोललो असतो तर तुम्हाला खरे वाटले असते?"

एलिना मध्ये बोलली. "शाळेत गुरुजींनी शिकवल्यानी, साहेबांपुढे शुद्ध बोलायचां, मान खाली घालून बोलायचां, उगाच रडगाणां करूचां नाय. ह्येंनी तसांच केल्यानी. आक्काक आक्का म्हणाक पण लाजले."

गुरुभाऊंना 'सुशीलाबाई' आठवली, आणि मान इतकी खाली गेली की ती उचलणं कठीण झालं.

"तुका दुसरां काय पण बोलूची गरज नव्हती," ते म्हणाले. "तू खरांच सांगितलंस. माकाच कळूक नाय."

"ठीक आहे साहेब," फेलिक्स म्हणाला.

ते मनापासून होतं की नाही? गुरुभाऊंचे डोळे सवयीने वर उठले, फेलिक्सच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथे त्यांनीच ते मागे घेतले. हात जोडून ते बाहेर पडले.

चपला घालत होते, तेवढ्यात आतून आवाज आला. फेलिक्सचाच, पण गुरुभाऊंनी कधी न ऐकलेला, भरभर, घरातला. "आक्का आसती तर तेका च्या घेतल्याबगर सोडल्यान नसता गो," तो एलिनाला म्हणत होता, आणि 'गो'वरच त्याचा आवाज फुटला. मग नुसतं रडणं ऐकू येत राहिलं, मोठ्या माणसाचं, अडखळत येणारं.

मे महिन्यात ज्याची वाट बघत गुरुभाऊ बशीत फुंकर मारत बसले होते, ते हेच. ते मागे वळले नाहीत. फाटकाला पावाची रिकामी पिशवी लटकत होती. तिला धक्का लागू न देता त्यांनी फाटक उघडलं आणि खाली बघत रस्त्याला लागले.