मातीचा डावा पाय

"पुरा गेला का? अर्धा नोको सांगू."

ताप उतरला म्हणून सांगायला येणाऱ्या प्रत्येकाला बाई हेच विचारायच्या. एका हातात वही, दुसरा हात कानामागे. घरच्यांनी येऊन "बरा हाये आता" म्हटलं, तरी वहीतलं नाव खोडायच्या नाहीत. रोग्यानं स्वतः चालत यायला हवं. बाईंच्या दवाखान्यात मी सतरा वर्षं औषधांचा साठा सांभाळला. मला लोक काटेकोर म्हणतात. पण माझ्याहून काटेकोर माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे या बाई.

गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती मठाचा हा दवाखाना चालवायला त्या युरोपातून आल्या, तेव्हा मी शाळेत होतो. उंच, गोऱ्या, नाकावर उन्हाचे चट्टे. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या नाहीत, दवाखान्यातल्या रांगेतून शिकल्या. एकदा पुण्याकडचे एक साहेब तपासणीला आले. "आपण येथे किती वर्षांपासून कार्यरत आहात?" त्यांनी विचारलं.

"चौतीस झाले, बाप्पा. तुमी उभे काऊन? बसा ना."

साहेब निमूट बसले. पुढची सगळी तपासणी खालच्या आवाजात झाली.

आपलं युरोपातलं गाव बाई ओंजळीत दाखवायच्या. "एवढंसं. माणसं दोन हजार, देवळं अकरा." चर्चला त्या देऊळच म्हणायच्या. टेकडीवरचं देऊळ सगळ्यांत जुनं, दोनशे चौदा पायऱ्यांचं. लोक लांबून तिथं नवस बोलायला येतात. हात बरा झाला की मेणाचा हात वाहायचा, पाय बरा झाला की मेणाचा पाय. मात्र बरं झाल्यावरच, आणि स्वतः चढून जाऊन.

आमच्याकडेही शिवारात मोहाच्या झाडाखाली देवापुढे मातीचे घोडे आहेत. नवस फळला की घोडा ठेवायचा. बहुतेक घोडे गावच्या कुंभारीण आजीच्या हातचे.

"तुमच्या देवाले पाय लागते, आमच्याले घोडा," आजी एकदा बाईंना म्हणाली. "आमचा देव लय फिरस्ता दिसते."

"आन् आमचा का लंगडा हाये, व?" बाईंनी विचारलं. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाई विहिरीजवळच्या ओल्या फरशीवर पडल्या. उजवा खुबा मोडला. चंद्रपूरला ऑपरेशन झालं, पण उभं राहता येईना. मठानं त्यांना त्यांच्या गावी परत बोलावलं. सामान भरताना त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "चालाले लागली का वापस येतो."

जायच्या दिवशी आजी पदराखाली काहीतरी झाकून आली. भाजलेल्या मातीचा लाल पाय, घोट्यापर्यंतचा. बाई परत येऊ दे, असा नवस गावानं मोहाखाली बोलला होता. हा पाय मात्र बाईंच्या देवासाठी होता.

मी पाय फिरवून पाहिला. "आजी, हा डावा आहे. मोडला तो उजवा."

आजीनं समोर बसून बाईंचे पाय न्याहाळले होते. तिच्या उजव्या हाताला जो दिसला, तोच तिनं उजवा धरला. ती खजील झाली. "दुसरा करतो नं," म्हणाली; पण दारात गाडी उभी होती.

बाईंनी पाय मांडीवर घेतला. "राहू दे व. भाऊ, वजन कर याचं."

विमानात सामानाला मर्यादा होती. काट्यावर एक किलो तीनशे पन्नास ग्रॅम भरले. बाईंनी पेटीतून तेवढ्या वजनाचे गरम कपडे काढून माझ्या हातात दिले.

"तिकडे थंडी असते ना, बाई?"

"थंडी तं रोजचीच हाये. असा पाय कुठी भेटन?"

दीड वर्षानं पार्सल आलं. सोबत त्यांच्या भाचीचं पत्र होतं. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी ते सगळ्यांना मराठीत सांगितलं. बाई झोपेतच गेल्या. त्याआधी रोज त्या चाकाच्या खुर्चीतून टेकडीच्या पायथ्याशी जात, पाय मांडीवर ठेवून पायऱ्यांकडे बघत बसत. भाची म्हणाली, मी वर नेऊन ठेवते. त्यांनी ठेवू दिला नाही. "मी चढलेले नाही, मग बरी झाले असं देवाला कसं सांगू?" शेवटी पाय आमच्या गावी पाठवायला त्यांनी सांगितलं होतं.

मी पुन्हा वजन केलं. एक किलो तीनशे पन्नास.

आजी पाय उचलून मोहाकडे निघाली. मी तिला अडवलं. "आजी, हा तिथं ठेवता येत नाही. बाई परत आल्या नाहीत. नवस फळला नाही. बाईंनीसुद्धा ठेवू दिला नसता."

आजीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तूच सांगतलं होतं नं, हा डावा हाये म्हणून?"

"हो."

"डावा तं बाईचा चांगलाच होता. मोडला थो तिकडं राह्यला. चालत होता थो आला."

मी बाजूला झालो.

आजीनं पाय घोड्यांच्या रांगेत ठेवला, बोटं दवाखान्याच्या दिशेला. मी सवयीनं मोजून पाहिलं. घोडे एकोणचाळीस, पाय एक.