होडीवाले काका

मुळा धरणात मी लांब पल्ल्याच्या शर्यतींचा सराव करते, तेव्हा एक मच्छीमार काका होडी घेऊन सोबत असतात. एरवी बोलतच नाहीत. मधूनमधून फक्त विचारतात, "ताई, बरं हाय ना?" आणि उत्तर येईपर्यंत माझ्याकडे बघत राहतात.

निवड चाचणीच्या दिवशी पाणी फार गार होतं. काठ जवळ आला असताना काकांनी दोनदा विचारलं, पण माझं उत्तर धड येईना, तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून होडीत ओढलं. होडीतल्या माणसाचा हात लागला की पोहणारा बाद. मी रडत ओरडले, "हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"मागं एकजन बी आसंच म्हनला हुता," काका म्हणाले. "मी ऐकलं त्याचं. तिसऱ्या दिशी घावला."

काठाला लागलो तरी त्यांनी माझा दंड सोडला नव्हता.