उन्हात डोळे मिटलेला हत्ती

हे मी आजवर कुणाकडेच बोलले नाही. नवऱ्याकडेसुद्धा नाही — आणि त्याला तर मी दूध उतू गेलं तरी ऑफिसात फोन करून सांगते. तुम्हाला का सांगतेय? कुणास ठाऊक. ऐका.

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. ग्वाल्हेरला, दाना ओलीत, सासरच्या घरात वरच्या मजल्यावर. खाली माझी मोठी जाऊ, उषावहिनी. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी एजंट शोधत होते. आमच्याकडे एजंट म्हटलं की विम्याचा, नाहीतर प्लॉट दाखवणारा. आपली चित्रं प्रकाशकांपर्यंत नेणारा, करार ठरवून देणारा असाही एजंट असतो, हे सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. मी चित्रांची फाइल पाठवायची, उत्तर यायचं नाही. आलंच तर — चित्रं सफाईदार आहेत, पण आमच्या कामाची नाहीत. सफाईदार! इतका राग यायचा ना मला त्या शब्दाचा.

आता वहिनींचं सांगते. चैत्रात गौर बसली की महिनाभर त्या रोज दारात चैत्रांगण घालतात. रांगोळीच ती, पण तिच्यात तुळस, कासव, शंख, गौरीचा झोका, सगळं हवं. आणि हत्ती. वहिनी हत्तीला शेपटीपासून सुरुवात करतात आणि हात न उचलता सोंडेपर्यंत येतात. पोट हमखास एका बाजूला जातं. डोळे मिटलेले. नवी नवरी असताना मी विचारलं होतं, झोपलाय का हो हा? तर म्हणाल्या, "अगं, ग्वाल्हेरचं चैत्रातलं ऊन! दारात उभा आहे बिचारा, डोळे मिटणारच ना."

त्या हत्तीचा फोटो मी फाइलीत शेवटी लावला. आमच्या घरची रीत दाखवावी म्हणून — असं तेव्हा मनाशी म्हटलं. खाली वहिनींचं नाव घातलं नाही. विसरले? छे. नाव टाइप केलं होतं. मग पुसलं.

दिल्लीच्या एका एजंट बाईंचं उत्तर आलं. व्हिडिओ कॉल ठरला. बाईंनी बाकीची चित्रं भराभर सरकवली आणि फोटोवर थांबल्या. हा कुणाचा हात? असा हात असेल तर मी प्रकाशक शोधते, म्हणाल्या.

मी "माझा" म्हणाले.

डोळे का मिटलेत, त्यांनी विचारलं. आणि मी — काय सांगू तुम्हाला — वहिनींचं ते उन्हाचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत करून ऐकवलं. बाई केवढ्या खूश झाल्या! माझा कॉल नीट व्हावा म्हणून वहिनी तेव्हा खाली माझ्या मुलाला वरणभात भरवत होत्या.

करार झाला. मग मी ती रेघ हाताला लावून घेतली, पोट मुद्दाम वाकडं काढायला शिकले. हत्तीची पुस्तकं निघाली, लोक माझी शैली म्हणायला लागले. पहिलं पुस्तक वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी पानं उलटली, हत्तीपाशी जरा थांबल्या. "गोड आलाय हं," म्हणाल्या, आणि पुस्तक देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. मला वाटलं, चला, कळलं नाही. लाज वाटायला हवी होती ना? मला हायसं वाटलं.

यंदाच्या चैत्रात हळदीकुंकवाला मोहल्ल्यातल्या बायका जमल्या. समोरच्या भाभीजी दारातच थबकल्या. "अरे उषा भाभी, ये तो नेहा की किताब वाला हाथी है! कॉपी मार ली आपने?"

सगळ्या खदखदून हसल्या. वहिनी अजून खालीच बसलेल्या, बोटांना रांगोळी लागलेली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पन्ह्याचा ट्रे घेऊन उभी. सांगायचं तर तेव्हाच — चारचौघींत, हसत हसत, किती सोपं होतं! त्या मी बोलायची वाट बघत होत्या. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या पक्कं कळलं.

मी ट्रेमधले ग्लास सारखे केले.

"हाँ भाभी," वहिनी म्हणाल्या, "नेहा का ही देखकर बनाया. हमें कहाँ आता है इतना." मी पन्हं वाटायला लागले. पहिला ग्लास त्यांना दिला, त्यांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले. चैत्रांगण घालून झालं होतं. तुळस होती, कासव, शंख, गौरीचा झोका. हत्तीची जागा मोकळी होती. गौर उठेपर्यंत रोज ती तशीच राहिली. वहिनी आता हत्ती काढत नाहीत.

मी काढते. नवं पुस्तक दिवाळीच्या आत द्यायचंय.