विरजणाची जागा

मागच्या सोमवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये दोन जपानी कारागीर दह्याच्या भांड्यासमोर हात जोडून उभे होते... आणि त्याला कारण मी.

आम्ही जपानमध्ये त्सुकुबाला राहतो. घर जुनं आहे, एका प्रोफेसरांनी हौसेने बांधलेलं. ते बरीच वर्षं युरोपात राहून आले होते, त्यामुळे इथे सहसा दिसत नाहीत असे गरम पाण्याचे लोखंडी रेडिएटर त्यांनी खोल्याखोल्यांत बसवून घेतले. घर बघायला आलो तेव्हा मी त्या रेडिएटरवरच भाळले. नवरा म्हणाला होता, पाइप म्हातारे झालेत, त्रास देतील. त्याचं बरोबर निघालं, पण तसं मी त्याला अजून म्हटलेलं नाही.

आई इथे एकदाच आली, एक अख्खा हिवाळा राहिली. सकाळी बॉयलर सुरू झाला की पाइप ठक ठक करायचे, आणि आई पांघरुणातूनच म्हणायची, बंब पेटला गं...

थंडीत दही लागत नाही म्हणून मी दुकानातलं आणायचे. आईला ते काही पटेना. तिने भिंतींना हात लावत घरभर फेऱ्या मारल्या आणि शेवटी देवघराशेजारचा रेडिएटर पसंत केला. त्यावर टॉवेलची घडी, घडीवर विरजण लावलेलं भांडं, आणि भांड्याला तिची स्वतःची जांभळी शाल. सकाळी घट्ट कवडी दही.

परत जाताना ती शाल इथेच ठेवून गेली. आता डॉक्टरांनी तिचा लांबचा विमानप्रवास बंद केलाय. पुढच्या वर्षी बघू, असं आम्ही दोघी फोनवर एकमेकींना सांगतो.

यंदा थंडी सुरू होताच किचनमागच्या पाइपमधून तांबूस पाणी झिरपायला लागलं. सगळेच पाइप बदलावे लागणार, आणि त्यांच्याबरोबर ते जाडजूड रेडिएटरही जाणार असं ठरलं. मला वाईट वाटलं, पण पाण्यापुढे काय बोलणार...

इथे घरात काम काढलं की आधी शेजाऱ्यांकडे खाऊचा बॉक्स घेऊन जायचं आणि आवाजाबद्दल माफी मागायची. माझं एक घर राहिलं होतं, ते मी सोमवारी सकाळी उरकायला गेले. तेवढ्यात कारागीर आले. नवऱ्याने त्यांना आत घेतलं आणि तो ट्रेन पकडायला पळाला.

मी परतले तर हॉल ओळखू येईना. जमीन, भिंती, सोफा, सगळ्यावर शीट चढवलेली. पान्याला हात लावायच्या आधी ही माणसं अख्खं घर झाकून घेतात. फक्त देवघराशेजारचा रेडिएटर तसाच उघडा होता. वर शालीत गुंडाळलेलं भांडं, बाजूला तेवत असलेलं निरांजन... गडबडीत मी दही उचलायचंच विसरले होते.

त्यांच्यातले वयस्कर होरी-सान हळूच म्हणाले, हे हलवलं तर चालेल का? माझ्या तोंडून निघालं, "ते माझ्या आईचं आहे."

होरी-सान दोन पावलं मागे सरले. टोपी काढली, डोळे मिटले, हात जोडले. त्यांच्या जोडीदारानेही तसंच केलं. इथे गेलेल्या माणसाच्या अस्थींचं भांडं असंच कापडात गुंडाळून घरातल्या देव्हाऱ्याशी ठेवतात.

हे दही आहे, आई पुण्यात मजेत आहे, एवढंच सांगायचं होतं. पण त्याआधी मला आईचा आवाज ऐकायचा होता. मी भांडं उचललं, किचनमध्ये गेले आणि फोन लावला. पुण्यात उजाडलंही नव्हतं. रिंग वाजतच राहिली...

"अगं, इतक्या पहाटे? सगळं ठीक आहे ना?"

तो आवाज ऐकला आणि मी रडायलाच लागले. मग रडत रडत सगळं सांगितलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "माझ्या दह्याला एवढा मान?"

बाहेर जाऊन होरी-सानना खरं काय ते सांगितलं. त्यांनी आधीपेक्षाही खाली वाकून माफी मागितली. मी दोघांना वाटीत दही-साखर दिली. चांगल्या कामाआधी आमच्याकडे देतात म्हटलं, तर दोघांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या.

आठवडाअखेर काम संपलं. नवे रेडिएटर पांढरे, सडपातळ, देखणे. वर साधा फोनही ठेवता येत नाही. आणि सकाळी घर अगदी चिडीचूप... बंब पेटलेला कळतच नाही.

संध्याकाळी विरजण लावलेलं भांडं हातात आणि शाल खांद्यावर घेऊन मी हॉलच्या मधोमध उभी. ठेवू कुठे? पुन्हा आईलाच फोन. कॅमेरा फिरवून दाखवायला लागले तर म्हणाली, दाखवू नकोस, मला त्यात नीट दिसत नाही. मग जरा थांबून म्हणाली, "जिन्याखाली बघ. तुमच्या छत्र्या असतात ना, त्यांच्या मागे. तिथली भिंत मला कोमट लागायची."

छत्र्या बाजूला करून हात लावला. बॉयलरकडून येणारे पाइप, जुन्यांसारखेच हे नवेही, त्या भिंतीमागूनच जातात. भिंत कोमट होती... इतकी वर्षं मी या घरात राहते, मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन उचलल्या उचलल्या तिने विचारलं, "लागलं का?" लागलं होतं. मी भांडं तिरकं करून दाखवलं. तिला किती दिसलं कोण जाणे, पण छान आहे म्हणाली.

पुढच्या वर्षी बघू, हे आम्ही यापुढेही म्हणत राहू. आई इथे पुन्हा येईल असं मी आता धरून चालत नाही. पण छत्र्या मात्र जिन्याखालून कायमच्या हलवल्यात. काल नवऱ्याने ओली छत्री नेहमीच्या सवयीने तिथे ठेवली, तर मी म्हटलं, तिथे नको... ती जागा माझ्या आईची आहे.