पाठीवरची छागल आणि निंबाचा चोरलेला दिवस

सुरतेतल्या लिंबायत वस्तीतल्या निंबाचा एक दिवस चोरला गेला. १९९६ सालच्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधी, सकाळची पाळी सुरू होताना, यंत्रमागाच्या कारखान्याच्या दारात, सगळ्यांच्या देखत. त्या शेठचं नाव मी इथे लिहीत नाही. असे शेठ सुरतेत गल्लोगल्ली आहेत, एकाचं नाव छापून बाकीच्यांना मोकळं सोडायची माझी इच्छा नाही.

निंबाचा बाप थंडीत वारला. आमच्या खानदेशात आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. बाप गेल्यानंतरची ही पहिलीच आखाजी, आणि निंबा थोरला मुलगा. दुपारच्या आत गावी पोहोचून त्यालाच घागर भरायची होती. त्याने महिनाभर आधी रजा सांगून ठेवली होती. शेठने मान हलवली होती. ऐन दिवशी तो म्हणाला, "बदली लाव नी जा." बदली म्हणजे आपल्या जागी मागावर उभा राहणारा माणूस. आखाजीला सगळी लिंबायत गावाकडे पळते, बदली कुठून आणायचा? निंबा दिवसपाळी उभा राहिला. रात्रपाळीचा माणूस न सांगता गावाला गेला, म्हणून शेठने त्याला रात्रीही उभं ठेवलं. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी तो सुटला तेव्हा त्याच्या पापण्यांवर कापसाची भुकटी होती आणि डोळे लाल.

आता आमच्या प्रवासाचं सांगतो. आमचं सायकल मंडळ दर उन्हाळ्यात खानदेशात जातं. सुरतेत तुमची पोरं बारा-बारा तास कशी उभी असतात, हे सांगणारी पत्रकं आम्ही वाटेतल्या गावांत वाटतो. हमरस्त्यावर ट्रक सायकलवाल्याला माणूस समजत नाहीत, म्हणून सोनगडच्या पुढे आम्ही जंगलातली, डोंगरातली कच्ची वाट धरतो. त्यासाठी जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली जुन्या बाजारातून जमवल्या आहेत. त्या वाटेवर दोन गोष्टी लागतात: मांड्यांत जोर आणि पाठीवर पाणी. हँडलला अडकवलेली बाटली पहिल्याच खड्ड्यात उडते. कॅरिअरला बांधलेला डबा चढावर सायकल मागे ओढतो. पाणी पाठीवरच हवं, आणि हँडल न सोडता पिता आलं पाहिजे.

ती पिशवी निवडायला मी आणि निंबा आधीच्या रविवारी दिवसभर हिंडलो होतो.

सुरतेच्या भागळ बाजारातल्या एका दुकानात परदेशी पिशवी टांगलेली होती, नळीसकट. दुकानदार म्हणाला, "फॉरेन आहे, डोंगरात सायकल चालवणारे हीच वापरतात." मी आतलं प्लास्टिक हुंगलं. नव्या रेनकोटसारखा वास. म्हटलं, यातलं पाणी तुम्ही पिऊन दाखवा. तो हसला आणि पिशवी परत खुंटीला लावली. दुसऱ्या दुकानात एकाने पोट शेकायची रबरी पिशवी दाखवली. तिच्यात हात जात नाही, मग धुवायची कशी? तिसरा लष्करी बाटली घ्या म्हणाला. ती चांगली, पण दोन चढांत संपणारी.

शेवटी कडोदऱ्याला गेलो. तिथे हमरस्त्यावर ट्रकवाल्यांच्या सामानाचं दुकान आहे. गल्ल्यावर एक म्हातारे काका बसले होते आणि डोक्यावर ओळीने छागली टांगलेल्या होत्या. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. कापड पाझरतं, वारा लागतो, पाणी गार राहतं. काकांनी एक वापरलेली छागल काढली.

"जूनी ले जा, भाई. ट्रकवाले की है, पकी हुई. नयी तो आठ दिन रोती है."

"नवीच पाहिजे," निंबा म्हणाला.

मी त्याला समजावलं. जुनी गळत नाही, जुनीला कापडाचा वास नाही, जुनीचं तोंडही मोठं आहे. तो ऐकेना.

"दिल्या, तू पत्रक वाचून दाखवू नको. नवी म्हणजे नवी."

काका म्हणाले, "लग्न छे के? वरराजाने नवी आपो." (लग्न आहे का? नवरदेवाला नवी द्या.) निंबा हसला नाही. आम्ही दोन नव्या छागली घेतल्या, एक त्याला, एक मला.

लिंबायतला परत येऊन शिंप्याकडे गेलो. हे शिंपी लातूरकडचे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. छागलीला दोन पट्टे खांद्याचे, एक छातीवरचा, आणि पाठीच्या बाजूला तरटाची गादी, म्हणजे ओल्या कापडाने पाठ सोलणार नाही. मामांनी निंबाला वळवून वळवून माप घेतलं.

"माणसाला शिवायलाव का बैलाला? सांगा बरं, म्हणजे वशिंडाला जागा सोडतो."

"बैलच समजा मामा," निंबा म्हणाला. "पण बैलाला पोळ्याची सुट्टी असते."

नळी गवंडीकामाची घेतली, लेव्हल बघायची असते ती पारदर्शक. बुचाला भोक पाडून आत सोडली, तोंडाशी कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. चिमटा दाबला की पाणी, सोडला की बंद. छागली दोन रात्री पिंपात बुडवून ठेवल्या, तेव्हा कुठे त्यांचं रडणं थांबलं. परदेशी पिशवीपेक्षा आपली पिशवी चांगली, असं मी चार लोकांना ऐकवलंही.

मंडळाची बाकीची पोरं ठरल्याप्रमाणे आखाजीच्या दोन दिवस आधी निघून गेली. थंड वेळी सायकल, दुपारी मुक्काम, असा त्यांचा आरामाचा बेत. मी निंबासाठी थांबलो. आता तीच वाट आम्हाला एका दिवसात कापायची होती. निंबा सुटला त्या सकाळी आधी स्टेशनावर जाऊन आलो. गाडीच्या दारांना माणसं लटकलेली, आत शिरायची सोय नाही. एस.टी. स्टँडवर त्याहून वाईट. निंबाने नळावर तोंड धुतलं, छागल काठोकाठ भरली, पाठीवर घेतली आणि म्हणाला, "चाल."

"थोडा झोप तरी."

"बापाला काय सांगू? झोपलो होतो म्हणून?"

कडोदऱ्याला चहा घेतला. बारडोलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता, हिरवागार, पाटात पाणी वाहत होतं. एका देवळापाशी परब (पाणपोई) होती. तिथे निंबा ओंजळीने पोटभर प्यायला. व्याऱ्याला हापशावर पुन्हा प्यायला. खमण खाल्लं, मिरच्या खाल्ल्या. ऊन चढत होतं, पण तो चांगला चालला होता. मला वाटलं, निभेल.

सोनगडला किल्ल्याचा डोंगर उजाड, तांबडा दिसत होता. तिथून आम्ही हमरस्ता सोडला. सागाची झाडं निष्पर्ण, वाळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. सावली म्हणून नाही. मोहाच्या झाडाखाली तेवढी फुलं पडलेली आणि त्यांचा गोड, जड वास. वाट अरुंद, एकामागे एक चालावं लागे. मी पुढे होतो. दगडांतून हँडल सावरत नळी चोखत होतो आणि मनात म्हणत होतो, काय सोय केली आपण. एकदा मागे वळून पाहिलं, तर निंबाच्याही दातांत नळी होती.

पुढच्या चढावर मागून आवाज आला. सायकल पडल्याचा, माणसाचा नाही.

निंबा वाटेच्या कडेला आडवा होता. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. ओठ फुटलेले. मी पट्टे सोडून छागल काढली, ती हाताला जड लागली. सकाळी भरली होती तशीच. झिरपून गेलं असेल तेवढंच कमी. सोनगडपासून त्याने एक घोट घेतला नव्हता; नळी नुसती दातांत धरली होती, चिमटा दाबलाच नव्हता.

माझी छागल तोवर रिकामी झाली होती. मी त्याच्या छागलीचं बूच काढलं. त्याचे डोळे अर्धे मिटलेले, तरी त्याने हात पुढे केला आणि छागलीचं तोंड मुठीत धरलं.

"ते नको."

"मरशील, निंबा."

"आखाजीनं पानी शे ते. नवं भांडं. आधी बापले, मंग माले." (आखाजीचं पाणी आहे ते. नवं भांडं. आधी बापाला, मग मला.)

त्याच्या घरची रीत अशी, की वर्षाच्या नव्या भांड्यातलं पहिलं पाणी गेलेल्या माणसाचं. तोवर त्या भांड्यातून घरात कोणी पीत नाही. बापही कामासाठी सुरतेत राहून लिंबायतच्या ज्या नळाचं पाणी आयुष्यभर प्यायला, त्याच नळाचं पाणी तो बापाच्या घागरीत ओतायला घेऊन चालला होता. वाटेत नळ, हापसे, परब मिळत राहतील, असा त्याचा हिशेब होता. ठरलेल्या वेळी निघून, ठरलेल्या मुक्कामांनी गेला असता तर तो हिशेब चुकला नसता.

मी त्याची मूठ सोडवली. बोटं एकेक करून उघडावी लागली. पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, छातीवर ओतलं, मानेवर ओतलं. ते पाणी मातीत जाताना तो बघत होता. तोंडाशी धरलं तेव्हा त्याने ओठ आवळून घेतले. तेवढं त्याच्या हातात होतं, तेवढं त्याने केलं.

आवाज ऐकून मोहाची फुलं वेचणारी एक बाई आली. गामीत या आदिवासी समाजाची, वयाने म्हातारी. तिने झाडांमागे बोट दाखवलं. तिची झोपडी जवळच होती, आम्ही दोघांनी त्याला उचलून नेलं. तिने मडक्यातून तांब्या भरला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"धीमे पी, भाई. बधुं साथे नहीं." (हळू पी, भाऊ. सगळं एकदम नको.)

तिच्या तांब्याला त्याने ओठ लावले. मी बाहेर आलो आणि भिंतीला टेकून बसलो.

त्या संध्याकाळी त्याला उभंही राहता येत नव्हतं. बाईने नागलीची भाकर आणि लाल चटणी दिली. मी खाल्ली, त्याने पेज घेतली. आखाजीच्या सकाळी लाकडाच्या ट्रकमधून नवापूरला आणि तिथून साक्रीच्या गाडीत. सायकली तिच्याच अंगणात ठेवल्या. नवापूरला गाडी उशिरा सुटली. गावी पोहोचलो तेव्हा सूर्य कललेला होता.

घागर भरून झाली होती. निंबाच्या काकांनी भरली. ओट्यावर ती मांडलेली होती, वर खरबूज, बाजूला सांजोरी आणि आंबे. गल्लीत झोके चालले होते आणि माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. काका निंबाला म्हणाले, "दुपार टळू देता येईना, भाऊ. वाट पाहिली." निंबाने मान हलवली. त्याची आई दाराशी उभी होती. तिने त्याचे फुटलेले ओठ पाहिले, माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, पाणी मी ओतलं हेही सांगितलं.

ती त्याला म्हणाली, "तू जित्ता उना ना? तुना बाप हाईच मांगता." (तू जिवंत आलास ना? तुझा बाप हेच मागत होता.)

निंबा घागरीपुढे बसून राहिला. जेवायला उठला नाही. आईने ताट आणून तिथेच ठेवलं.

चार दिवसांनी आम्ही सुरतेला परतलो. निंबाचे माग दुसऱ्याला दिलेले होते. शेठ म्हणाला, "तुझी सुट्टी एक दिवसाची होती." आता निंबा कडोदऱ्याच्या एका कारखान्यात जातो, पहाटे सायकलने.

परतीच्या वाटेवर मी मनात एक पत्रक लिहीत होतो, रूढी कशा माणसाला मारतात याचं. लिंबायतला येऊन ते लिहायला बसलो आणि लिहिता आलं नाही. त्या रीतीने निंबाच्या घरात आजवर कोणाला तहानेने पाडलेलं नाही. रीत वेळ मागते, एवढंच. तो वेळ ज्याने काढून घेतला त्याच्या कारखान्यात गार पाण्याचा फिल्टर आहे, ऑफिसात. पिशवीबद्दल विचाराल तर एवढंच सांगतो: छागल घ्या, पट्टे रुंद ठेवा, नळीला चिमटा लावा. आणि सोबत्याला निघण्याआधी विचारा, यातलं पाणी तू पिणार आहेस ना? मी कापड, बूच, टाके सगळं तपासलं आणि हे विचारलं नाही.

शेठ बदलीशिवाय रजा देत नाही. ठीक आहे. मग बदली आपण होऊ. ज्याच्या घरी या वर्षी पहिली घागर आहे त्याला आखाजीच्या तीन दिवस आधी सुरतेतून निघता आलं पाहिजे. हे वाचणाऱ्या, तुझ्या घरी या वर्षी कोणी गेलं नसेल, आणि तुला माग चालवता येत असेल, तर तू एक आखाजी गावाला जाऊ नकोस. त्याच्या मागावर उभा राहा. लिंबायतला येऊन तुझं नाव सांग, आणि दिवसपाळी घेतोस की रात्रपाळी, तेही आजच सांग.