मामांची आठ पानांची पंगत

आमच्या सुनेच्या मामांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात: पानावर बसलेली आणि पुढच्या पंगतीची वाट बघणारी. बाकी हुद्दा, शिक्षण, घराणं असले भेद त्यांनी कधी मानल्याचं मला आठवत नाही. गावच्या देवीच्या उत्सवात चाळीस वर्षं वाढप केल्यामुळे त्यांची नजरच तशी झाली आहे. एस.टी.तून उतरणारी माणसं बघून ते पुटपुटतात, "दोन पंगती, आणि वर चार पोरं." नाटकाला गेले तर पडदा वर जायच्या आधी मागे वळून सगळं थिएटर मोजतात. खिशाला दोन पेनं लावतात; त्यातलं एक शाई संपलेलं, मागणाऱ्याला द्यायला. कागद वाचतात तो खालून वर, कारण सही कोणाची ते कळलं की वरचं किती खरं ते आपोआप कळतं म्हणे. कॉम्प्युटरशी अहो-जाहो करतात. आणि बुफेचा त्यांना इतका तिटकारा, की लग्नात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहतात आणि कोणी ताट आणून वाढलं तरच जेवतात. माझ्या मुलाच्या लग्नात, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाचीच्याच, आम्ही बुफे ठेवला, तर हा माणूस कोकम सरबताचे तीन पेले पिऊन घरी गेला. "उभ्यानं घास घशाखाली उतरतो विहीणबाई, पण पोटात नाय जात," हे त्यांचं मत. नातू आता शाळेत जायला लागला, तरी मला ते अधूनमधून ऐकवतात.

हे मामा आमच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेचे सेक्रेटरी. मीही तिथलीच, टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली. पण जुन्या बागायतदारांचं अक्षर माझ्याखेरीज कोणाला लागत नाही, म्हणून हंगामात मला बोलावणं येतं. खाऱ्या हवेनं ऑफिसातले कॉम्प्युटर एकेक करून गंजले, तेव्हा संस्थेनं नवी पद्धत घ्यायचं ठरवलं. खरा कॉम्प्युटर कुठेतरी लांब, क्लाउडवर, आणि आपल्यापुढे नुसता पडदा. घरच्या जुन्यापान्या लॅपटॉपवरही ऑफिसचाच कॉम्प्युटर उघडतो. आमच्याकडे ऑर्डरी नोंदवणाऱ्या बायका मंडणगडपासून नाटे गावापर्यंत घरोघरी बसून काम करतात, त्यांची त्यामुळे मोठीच सोय होणार होती. ऑफिसातली आणि घरची मिळून आम्ही वीस माणसं. मंजुरी मात्र आठच लायसनांची.

कंपनीचा माणूस दोन प्रकार सांगून गेला. पहिल्यात एक लायसन एका नावाचं. कधीही या, कॉम्प्युटर तुमचाच. दुसऱ्यात एका लायसनावर तिघांची नावं, पण एका वेळी आत एकच. जे घ्याल ते वर्षभर बदलता येणार नाही. पहिला प्रकार घेतला तर आठ नावं राहणार आणि बारा बायकांचं काम सुटणार; त्यात सगळ्यात आधी नाटे गावच्या रेश्माचं, कारण ती सगळ्यात नवी. नवरा मुंबईला, सासू अंथरुणाला, मुलगी बालवाडीत. दिवसातले अकरा ते एक हे दोन तास तेवढे तिचे. तेवढ्यात ती इतरांचं चार तासांचं काम उरकते.

चेअरमन म्हणाले, "ज्याचं त्याच्या नावावर असलेलं बरं. भानगड नको." मीही मान डोलावली. आठांत माझं नाव धरलेलं होतं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "विहीणबाई, ती किल्ली हाय का हो अजून?"

आता ही किल्ली सांगायलाच हवी. पंचविशीत मी स्वतःला संस्थेचा कणा समजत असे. टाइपरायटरला माझ्या हातचं भरतकाम केलेली खोळ होती आणि पत्र्याच्या झाकणाला कुलूप. बाळंतपणाला माहेरी मुरुडला गेले, तेव्हा या बाईसाहेब ती किल्ली कमरेला खोचून गेल्या. माझ्या जागी एक बदली टायपिस्ट आली. दोन दिवस बंद झाकणासमोर हात मांडीवर ठेवून बसली आणि तिसऱ्या दिवशी परत गेली. मामा तेव्हा नवे कारकून. तिला स्टँडवर सोडायला तेच गेले होते. मी मात्र, माझ्यावाचून संस्थेचं काम अडलं, म्हणून मुरुडला शेजारणींना अभिमानानं सांगत होते. त्या बाईचं नाव मला आजही ठाऊक नाही.

"दुसरा प्रकार घेऊन बघू," मी म्हटलं. चेअरमननी एक दिवसाची चाचणी कबूल केली. गोंधळ झाला तर पहिला प्रकार, पुन्हा चर्चा नाही.

मामांनी सगळ्यांना ग्रुपवर बोलून समजावलं. "आठ पानं मांडलीत. पहिली पंगत नऊला. ती उठली की अकराला दुसरी. जेवणाऱ्याचं नाव हिरवं दिसेल." इतकं सोपं कोणी समजावलं नव्हतं. एकीनंही शंका विचारली नाही.

पहिल्या पंगतीत ऑफिसातून मी आणि घरोघरच्या सात जणी. पावणेअकराला सातही जणींचं काम झालं. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, आठही नावं हिरवीच. रेश्माचा फोन आला, "मामा, जागा शिल्लक नाही असं येतंय. मी काय करू? एकला पोरगीला आणायला जायचंय." चेअरमन खुर्ची ओढून मामांच्या शेजारी येऊन बसले. मामांनी मंडणगडच्या बाईला फोन लावला.

"काम झालं ना तुझं?"

"कधीच झालं."

"मग ऊठ की गो."

"कशी उठू मामा? काकूंचं नाव अजून हिरवं हाय. त्यांचं होयस्तोवर पानावरून उठायचं कसं?"

सातही जणींचं तेच. घरोघरी, आपापल्या पडद्यासमोर, रिकाम्या हातांनी त्या शिस्तीत बसून होत्या; आणि ही थोरली काकू जुन्या बागायतदारांची अक्षरं लावत सावकाश जेवत होती. मी घाईघाईनं बाहेर पडायला गेले, तर भलतीच खिडकी उघडली.

मामांनी फोन खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ग्रुपवर, कोणाच्या तरी आजारपणाची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "पोरींनो, ऐका. पंगत नाय समजायची. बुफे समजा. ज्याचं झालं त्यानं निघायचं."

दोन मिनिटांत सात नावं विझली. त्यांच्या जागी पहिलं हिरवं झालं ते रेश्माचं. चेअरमन उठले आणि खुर्ची जागेवर सरकवत म्हणाले, "दुसराच प्रकार घेऊ."

हंगाम निभावला. वीसच्या वीस माणसं राहिली. मी आता पावणेअकराला, काम झालेलं असो वा नसो, बाहेर पडते, आणि मग रेश्माचं नाव हिरवं होईपर्यंत उगाच पडद्यापुढे रेंगाळते.

ज्येष्ठात एका लग्नाला गेले, तर बुफेच्या रांगेत मामा. ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "सवय करतोय." आम्ही खांबाजवळ उभ्यानंच जेवलो. त्यांचं केव्हाच झालं होतं. माझं मेलं नेहमीसारखं सावकाश. दात आता मोजकेच उरलेत. लोक आपापली ताटं ठेवून निघून जात होते. माझा शेवटचा घास होईपर्यंत मामा मात्र रिकामं ताट हातात घेऊन, इकडेतिकडे बघत, तिथेच उभे होते.